संगणकाचे घोडे नेमके कुठे पेंड खाते?



शाळेतली संगणकाची तासिका डोळ्यांपुढे आणा. घंटा होते, तुम्ही रांगेने संगणक-कक्षात येता, आपापल्या जागेवर बसता आणि कळ दाबता. पंखा घरघरू लागतो, दिवा लुकलुकतो आणि पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरत राहते. समजा, यंत्र जागे व्हायला चार मिनिटे लागली आणि हवी ती आज्ञावली उघडायला आणखी दोन. तासिका पस्तीस मिनिटांची. म्हणजे तिचा सहावा हिस्सा नुसते ते वर्तुळ पाहण्यात गेला! वर्षात अशा तीस तासिका झाल्या, तर १८० मिनिटे वाया गेली. पाच तासिका तुम्ही संगणकासमोर बसलात खरे, पण त्यावर काम काही करता आले नाही.

आता असे समजा की, माजी विद्यार्थ्यांनी तुमच्या शाळेला थोडी देणगी दिली आहे. सगळे संगणक नवे घेण्याइतकी ती नाही. पण प्रत्येक यंत्रात एखादा नवा भाग बसवता येईल एवढी आहे. मग चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, “प्रोसेसर बदला, तोच तर संगणकाचा मेंदू!” दुसरा म्हणतो, “रॅम वाढवा.” तिसरा म्हणतो, “जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा.” आणि ज्याला संगणकावरचे खेळ आवडतात, तो हळूच म्हणतो, “ग्राफिक्स कार्ड घेतले तर?”

पैसे एकदाच खर्च होणार आहेत. निवड चुकली तर नवा भाग आत बसलेला असेल आणि पडद्यावरचे वर्तुळ मात्र पूर्वीसारखेच फिरत राहील. मग यांतला कोणाचा सल्ला मानायचा? थोडा धीर धरा. त्याआधी आपण एका लग्नघराच्या स्वयंपाकघरात डोकावून येऊ.

आचारी, ओटा आणि कोठी

लग्नघरी आचारी भराभर भाज्या चिरतो, फोडण्या देतो. त्याला हाताशी लागणारे जिन्नस ओट्यावर मांडलेले असतात. धान्याची पोती, तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा हा सगळा मोठा साठा मात्र मागच्या कोठीत असतो. ओट्यावर नसलेली वस्तू लागली, की एका पोराला कोठीकडे पिटाळावे लागते आणि तो येईपर्यंत आचारी हात बांधून उभा राहतो.

संगणकाचे अगदी असेच आहे. प्रोसेसर हा आचारी. रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, हा ओटा. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कोठी. वीज गेली की ओटा धुऊन स्वच्छ होतो, पण कोठीतला माल जागच्या जागी राहतो. म्हणूनच संगणक सुरू करताना प्रत्येक वेळी कोठीतून ओट्यावर सामान आणून मांडावे लागते, आणि म्हणूनच त्याला वेळ लागतो.

पंगत खोळंबली, तर तुम्ही काय कराल? आचारी घामाघूम झाला असेल आणि सगळे जिन्नस पुढ्यात तयार असतील, तर दुसरा चपळ आचारी आणणे योग्य. पण आचारी जर पोराची वाट पाहत नुसताच उभा असेल, तर दुसरा आचारी आणून काय होणार? दोघेही वाट पाहत उभे राहतील, इतकेच!

एक ठोका म्हणजे एक सेकंद

कोठी ‘लांब’ आहे म्हणजे किती लांब? आकडे पाहू. आजचा साधा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोक्यांच्या तालावर चालणारा असतो. रॅममधून एखादी माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एसएसडीकडून ती मिळायला सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे रॅमच्या हजारपट वेळ लागतो.

आणि हार्ड डिस्क? तिच्यात चुंबकीय लेपाच्या चकत्या फिरत असतात आणि एका दांडीच्या टोकाला वाचणारे शीर्ष असते. बऱ्याच चकत्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात. ६० सेकंदांना ७,२०० ने भागा. एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा झाला. हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यासाठी सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर नेऊन ठेवायला आणखी ८ मिलिसेकंद धरा. एकूण झाले सुमारे १२ मिलिसेकंद.

हे आकडे इतके चिमुकले आहेत, की त्यांच्यातला फरक मनाला जाणवत नाही. म्हणून एक युक्ती करू. प्रोसेसरचा एक ठोका एक सेकंदाचा आहे असे मानू आणि बाकी सारे त्याच प्रमाणात ताणू. मग रॅममधून माहिती यायला पाच मिनिटे लागतील. एसएसडीकडून ती यायला साडेतीन दिवस. आणि हार्ड डिस्ककडून? जवळजवळ चौदा महिने! आचाऱ्याने मीठ मागितले आणि कोठीत गेलेला पोर पुढच्या वर्षीच्या लग्नसराईत परतला, अशातला हा प्रकार.

असे का व्हावे? याचे उत्तर इतिहासात सापडते. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्या चकत्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. आज नेहमीची हार्ड डिस्क ७,२०० फेरे घेते, म्हणजे सहापट. उलट, इंटेल कंपनीचा १९७१ सालचा ४००४ हा प्रोसेसर सेकंदाला ७ लाख ४० हजार ठोक्यांचा होता. आजचा ३.७ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर त्याच्या पाच हजारपट ठोके देतो. डिस्कवर मावणारी माहिती अफाट वाढली हे खरे. पण फिरणारी चकती आणि हलणारी दांडी ही जड यंत्रे आहेत. इलेक्ट्रॉनांच्या चपळाईशी त्यांची शर्यत कशी लागणार?

एसएसडीत मुळी काही फिरतच नाही. ती फ्लॅश स्मृतीची बनलेली असते. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ही स्मृती जगापुढे मांडली. तिच्यात माहिती विद्युत्‌भाराच्या रूपाने अडकवून ठेवलेली असते आणि ती शोधायला चकती फिरण्याची वाट पाहावी लागत नाही.

अ‍ॅमडाल यांचे गणित

“मग ठरले तर! सगळ्यांनी एसएसडी घ्यावी,” असे तुम्ही म्हणाल. थांबा. घाई करू नका. कोणता भाग किती वेगवान आहे, एवढेच पाहून भागत नाही. आपल्या कामात त्या भागाचा वाटा किती, हेही पाहावे लागते.

ही गोष्ट जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञांनी १९६७ साली अमेरिकेतील एका परिषदेत मांडली. आयबीएमच्या प्रसिद्ध सिस्टिम/३६० या संगणकमालेचे ते एक प्रमुख शिल्पकार. अनेक प्रोसेसर एकत्र जुंपले तर काम किती वेगाने होईल, असा तेव्हाचा प्रश्न होता. त्यांचे म्हणणे असे, की कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो शेवटी साऱ्या कामाचा वेग अडवून धरतो. चार आचारी लावल्याने भाजी चौपट वेगाने चिरून होईल. पण वरणाची डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ लागणारच! हाच विचार संगणकाच्या कोणत्याही भागाला लावता येतो.

एक उदाहरण सोडवू. समजा, एक आज्ञावली उघडायला ६० सेकंद लागतात. त्यांपैकी ४५ सेकंद डिस्कची वाट पाहण्यात जातात, १२ सेकंद प्रोसेसर काम करतो आणि ३ सेकंद इतर किरकोळ कामांत जातात.

आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला. १२ चे ६ झाले. एकूण वेळ ४५ + ६ + ३ = ५४ सेकंद. एवढा खर्च करून वाचले फक्त सहा सेकंद. बरे, प्रोसेसर अनंत वेगाचा मिळाला असे मानू. तरी ४८ सेकंद लागणारच.

त्याऐवजी, डिस्कचे काम दहापट वेगाने करणारी एसएसडी बसवली. ४५ चे ४.५ झाले. एकूण वेळ ४.५ + १२ + ३ = १९.५ सेकंद. म्हणजे काम तिप्पट वेगाने झाले.

आता या उत्तराकडे पुन्हा एकदा नीट पाहा. नव्या हिशोबात सर्वांत मोठा वाटा कोणाचा? प्रोसेसरच्या १२ सेकंदांचा! घोडे आता दुसरीकडे पेंड खाऊ लागले. म्हणजे कालपर्यंत निरुपयोगी असलेला सल्ला आज उपयोगी ठरू शकतो. आपले चौघे मित्र भांडत होते ते यामुळेच. प्रत्येकाचा सल्ला कोणत्या ना कोणत्या संगणकाला लागू आहे. प्रश्न आहे तो तुमच्या पुढ्यातल्या संगणकाचा आणि तुमच्या कामाचा.

येरझाऱ्यांचे दुखणे

रॅमची गोष्ट जरा वेगळी आहे. रॅम वाढवल्याने आचाऱ्याचा हात जलद चालत नाही, की कोठीही जवळ येत नाही. फक्त ओटा मोठा होतो. सामान मुळातच ओट्यावर मावत असेल, तर ओटा आणखी मोठा करून फारसा फायदा नाही. पण ते मावत नसेल तर?

तेव्हा संगणक एक हिकमत करतो. ओट्यावरची सध्या न लागणारी वस्तू तो कोठीत नेऊन ठेवतो आणि रिकाम्या जागी नवी आणतो. ही ‘आभासी स्मृती’ची कल्पना इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात तयार झालेल्या ॲटलास या संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली. कल्पना नामी, पण तिची एक मर्यादा आहे. ओटा फारच लहान पडला, तर आत्ता कोठीत ठेवलेली वस्तू पुढच्याच क्षणी लागते. मग सारा वेळ नेण्या-आणण्यातच जातो आणि स्वयंपाक बाजूलाच राहतो. या दुखण्याची मीमांसा पीटर डेनिंग या शास्त्रज्ञांनी १९६८ साली केली. आपण त्याला येरझाऱ्यांचे दुखणे म्हणू.

ते किती भयंकर असते? समजा, हजार वेळा माहिती मागितली. ९९९ वेळा ती रॅममध्ये सापडली आणि फक्त एकदा हार्ड डिस्ककडे जावे लागले. रॅमचा वेळ ०.१ मायक्रोसेकंद आणि डिस्कचा १२,००० मायक्रोसेकंद. हजार फेऱ्यांना मिळून सुमारे १२,१०० मायक्रोसेकंद, म्हणजे सरासरी १२.१. हजारात एकदाच बाहेर जावे लागले, तरी सरासरी वेळ १२१ पट झाला! डिस्कच्या जागी एसएसडी असती, तर हीच सरासरी ०.२ मायक्रोसेकंद, म्हणजे केवळ दुप्पट झाली असती. म्हणून एसएसडी बसवल्यावर रॅमची टंचाई थोडी झाकली जाते. ती दूर होते मात्र रॅम वाढवल्यानेच.

आधी मोजा, मग मागा

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. यासाठी लागणारे उपकरण संगणकातच असते. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. लिनक्सवर ‘सिस्टिम मॉनिटर’ असतो. प्रोसेसर आणि स्मृती किती गुंतल्या आहेत, हे दोन्हींत दिसते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क किती व्यग्र आहे तेही टक्क्यांत कळते. शाळेत एरवी जे काम करता तेच सुरू करा आणि आकडे पाहत राहा.

प्रोसेसर बराच वेळ शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे शांत असतील, तर आचारी कमी पडतो आहे. स्मृती जवळजवळ भरलेली आणि डिस्क सतत धडपडत असेल, तर ओटा लहान आहे, रॅम हवी. स्मृती भरपूर मोकळी, प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर, पण डिस्क शंभर टक्के असेल, तर कोठी लांब आहे. एसएसडीचा विचार करा. तिन्ही शांत असूनही काम रखडत असेल, तर कदाचित संगणक इंटरनेटची वाट पाहत असेल. त्यावर यातला कोणताच भाग हा इलाज नाही.

इथे एक फसगत सांभाळा. चार गाभ्यांच्या साध्या प्रोसेसरवर काही आज्ञावल्या एकच गाभा वापरतात. तो एक गाभा पूर्ण राबत असला, तरी एकूण आकडा फक्त २५ टक्के दिसतो. अशा आज्ञावलीला आठ गाभ्यांचा प्रोसेसर देऊन लाभ नाही. तिला एकेक गाभा वेगवान असलेला प्रोसेसर हवा.

वेळ मोजायला साधे स्टॉपवॉच पुरे. पण तीच आज्ञावली बंद करून लगेच पुन्हा उघडली, तर ती पहिल्यापेक्षा लवकर उघडते. का बरे? कारण पहिल्या वेळी कोठीतून आणलेले सामान अजून ओट्यावरच पडलेले असते. म्हणून प्रत्येक मोजणीआधी संगणक पुन्हा सुरू करा, तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन भाग एकदम बदलले, तर गुण कोणत्या औषधाला आला ते कळणार नाही.

खरेदीपूर्वीचे चार प्रश्न

पहिला प्रश्न: फुकटात काही होते का? संगणक सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या अनावश्यक आज्ञावल्या बंद करा. पेटीतली धूळ साफ करून घ्या. धुळीने पंखा कोंदला, की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. असे यंत्र ‘जुने’ नसते, ते नुसते गुदमरलेले असते.

दुसरा प्रश्न: नवा भाग बसेल का? डीडीआर३ जातीच्या रॅमच्या पट्टीला २४० टोके असतात, डीडीआर४ च्या पट्टीला २८८. शिवाय दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एक दुसरीच्या जागी बसत नाही. मुख्य पट्टिका किती रॅम घेऊ शकते, यालाही मर्यादा असते. प्रोसेसर तर ठरावीक बैठकीतच बसतो; तो बदलायचा, तर बरेचदा पट्टिका आणि रॅमही बदलावी लागते. एसएसडीच्या बाबतीत जुन्या यंत्रांचे नशीब चांगले. हार्ड डिस्क ज्या साटा जोडणीला लावतात, तिलाच साटा जातीची एसएसडीही लागते.

तिसरा प्रश्न: प्रणालीला तो भाग वापरता येईल का? ३२ बिटांची प्रणाली असेल, तर तिला २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते ठाऊक असतात. हे झाले ४ गिगाबाइट. अशा नेहमीच्या ३२ बिटी विंडोजच्या यंत्रात ८ गिगाबाइट रॅम घातली, तर निम्मी रॅम नुसती बसून राहील. आधी ६४ बिटांची प्रणाली घाला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला ठरावीक नवे प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. रॅम किंवा एसएसडी घालून ही अट पुरी होत नाही. पण अशी यंत्रे भंगारात काढण्याआधी त्यांवर लिनक्स चालवून पाहा. एकेक यंत्र वाचले, तर तेवढाच ई-कचरा कमी.

चौथा प्रश्न: काम कोणते? टंकलेखन, तक्ते आणि कार्यक्रम लिहायला शिकणे यांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्रिमितीय चित्रे किंवा चलच्चित्रांचे संपादन करायचे असेल, तर ते उपयोगी.

पेटी मात्र स्वतः उघडू नका. शिक्षक किंवा जाणकार सोबत हवेत, वीज तोडलेली हवी आणि डिस्क बदलण्याआधी तिच्यातल्या माहितीची प्रत काढून ठेवलेली हवी.

शेतकऱ्याला ठाऊक असलेला नियम

तुमच्यापैकी जे शेतकऱ्यांच्या घरचे असतील, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. जमिनीत नत्र कमी असताना स्फुरद आणि पालाश कितीही ओतले, तरी पीक जोर धरत नाही. जो घटक सर्वांत अपुरा, तोच वाढीची मर्यादा ठरवतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात हा नियम प्रसिद्धीला आणला. म्हणूनच शहाणा शेतकरी दुकानात जाण्याआधी मातीची तपासणी करतो.

तेव्हा मित्रहो, देणगीचे पैसे येवोत न येवोत, संगणक-कक्षातले एक यंत्र निवडा. वहीत पाच रकाने आखा: काम, लागलेला वेळ, प्रोसेसर, स्मृती, डिस्क. आठवडाभर नोंदी करा आणि तो तक्ता आपल्या सरांना किंवा बाईंना दाखवा. उद्या खरेदीची चर्चा निघाली, तर चौघे जण आपापले मत सांगतील. तुमच्या हाती मात्र आकडे असतील, आणि शाळेचा पैसा कुठे लावायचा हे त्यांवरून ठरवता येईल.